हक्काचं माणूस

मंगळवार, केडगाव

चार दिवस वही उघडली नाही, माफी असावी. दवाखान्यात होतो. संदीपच्या, माझ्या मुलाच्या, ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी किती नीट विचारलं, "बाबा, याचं हक्काचं माणूस कोण? त्यालाच आत सोडते."

दहा वर्षं संदीपसोबत संसार केलेला महेश शेजारीच उभा होता, हातात डबा घेऊन. पाहुणे ऐकत होते. मी म्हणालो, "मीच. ह्यो नुसता भाडेकरू हाय."

बाईंनी महेशकडे पाहिलं, मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच!

महेश डबा बाकावर ठेवून गेला. आज संदीप शुद्धीवर आला. पहिलाच शब्द, "महेश?" काय सांगू त्याला? फोनही बंद लागतो.

डबा घासून ठेवलाय, महेश. लवकर काहीतरी कळव रे.