सुतार पक्षी मध्येच बोलतो

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच, तरी लिहिते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आपला सुतार पक्षी जिंकला, एवढंच सांगायचंय. घरात सांगायला गेले की म्हणतात, झालं हिचं सुरू.

मखमलाबादच्या घरात संध्याकाळी तू मेथीच्या जुड्या बांधतेयस आणि मी शेजारी बसून परीकथा मोठ्यानं वाचतेय. राजकन्या बुरुजात रडायला लागली की तू बोटांची पेरं पाटावर वाजवायचीस, टकटक. म्हणजे थांब. "रडती काय नुसती? सकाळधरनं काय खाल्लं का तिनं?" मला असा राग यायचा! तुझ्यामुळे एकही राजकन्या माझ्या हातून धड सुटली नाही. एकदा मी पुस्तक आपटून उठले, तर तू जुडीवरची नजरही न उचलता म्हणालीस, जा खुशाल, पण तिचं पुढं काय झालं ते सांगून जा.

तू गेल्यावर काही वर्षांनी मला नाशिक रोडला एका छोट्या छापखान्यात काम मिळालं. दर महिन्याला परीकथांचं चित्र-मासिक निघायचं. चित्रं देवळाली कॅम्पचे एक चित्रकार काढून पाठवायचे, आणि चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांमध्ये अक्षरं भरायची ती मी. एका पानावर राजपुत्र राजकन्येला म्हणणार होता, घाबरू नकोस, मी आलो आहे. पण चित्रकारांनी घाईत फुग्याचं शेपूट राजपुत्राकडे न्यायचं सोडून झाडावर नुसत्या शोभेला काढलेल्या सुतार पक्ष्याकडे नेलं होतं. ते गेलेले सासुरवाडीला सटाण्याला, आणि पान दुपारी छपाईला जायचं. मालक म्हणाले, काहीतरी लिहा आणि मोकळ्या व्हा. मी लिहिलं, टकटक, रडती काय नुसती, सकाळधरनं काय खाल्लं का. लिहिताना माझं मलाच हसू आवरेना. मालकांनी न वाचताच पान पाठवून दिलं.

झालं, पोरांनी पक्ष्याला डोक्यावर घेतलं. मग दर अंकात तो यायचा. राक्षस गर्जना करायला लागला की हा टकटक करून विचारणार, घसा बसंल ना रे, गूळ खातो का? पुढे मासिकाला नवे संपादक आले, फार शिकलेले, फार गोड बोलणारे. परीकथेत भाजीबाजारातली भाषा शोभत नाही, म्हणाले, एक तर शुद्ध करा नाहीतर पक्षी काढून टाका. मी म्हटलं, मग फुगे तुम्हीच भरा. आणि घरी येऊन बसले. आई, तेव्हा ह्यांची कंपनी बंद पडली होती, घर माझ्याच पगारावर चाललेलं. एका पाखरापायी नोकरी घालवली म्हणून सासूबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. मलाही धास्ती होतीच, पण तुला शुद्ध करायचं म्हणजे काय करायचं, तेच मला कळेना.

पुढच्या अंकात पक्षी म्हणाला, "राजकन्ये, शोक आवर." मी स्टेशनवरच्या स्टॉलवर उभी राहून वाचलं आणि तिथेच कपाळावर हात मारला. त्या महिन्यात गठ्ठे सुतळी न सुटता परत आले. स्टॉलवाला मालकांना म्हणाला, पोरं विचारतात, पक्षी आजारी हाय का? मग मालक स्वतः घरी आले. सासूबाईंच्या देखत खुर्चीवर अवघडून बसले आणि म्हणाले, "बाई, पक्षी सांभाळा तुमचा." मी सांगितलं, तो बोलेल ते मी लिहीन, कुणी हात लावायचा नाही, आणि मुखपृष्ठावर राजकन्येच्या जागी तो बसेल. ते हो म्हणाले. आई, मला इतका आनंद झाला की काय सांगू! सासूबाईंनी मालकांना चहा दिला, आणि मलाही आपणहून अर्धा कप दिला.

मासिक पुढे दोन हजार साल ओलांडून चाललं. देवळालीच्या एका शाळेनं गॅदरिंगला आपल्या पक्ष्याचं नाटक बसवलं आणि मला पुढच्या रांगेत बसवलं. पुठ्ठ्याचा बुरूज, त्याला खरी कडी लावलेलं दार, आणि लाल कागदाचा तुरा लावलेली एक चिमुरडी पक्षी झालेली. राजकन्या रडायला लागली, पोरीनं टकटक केलं, आणि माझं वाक्य साफ विसरली. बाई पडद्याआडून सांगतायत, हिला ऐकूच येईना. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग बुरुजाच्या दाराकडं पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "अगं, कडी तर आतून हाय. काढ की!"

सगळी शाळा हसून लोळली. राजकन्येनं खरंच कडी काढली आणि बाहेर आली. राजपुत्र विंगेत तलवार घेऊन उभाच. इतकी वर्षं तू तिला जेवू घालत होतीस, मी तिला हसवत होते, पण हे ना तुला सुचलं ना मला. खोटं कशाला बोलू, पुढच्या अंकात ते वाक्य मी सरळ ढापलं.