गालाचं झाकण

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली. तू असताना तुझी वाटली नसेल एवढी भीती मला परवाच्या रविवारी भरदुपारी वाटली. 

पिंपरीच्या बाजारात तू मासे विकायचीस, तिथली ती सकाळ तुला आठवत असेल. मी दहा वर्षांची, नाकाला रुमाल लावून उभी. तू मोरी, ती हातभर शार्क, उचलतेस आणि माझं बोट धरून तिच्या शेपटीकडून डोक्याकडे फिरवतेस. बाबांच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत अंग. शेपटीचा वरचा भाग लांब, खालचा आखूड. "हिच्या अंगात हाड नाय गो," म्हणत तू माझ्या कानाचा वरचा भाग पिरगळतेस, "ह्या असता, वाकणारा." मग शेजारच्या टोपलीतला गुळगुळीत, मिशांचा शिंगाळा मासा दाखवलास. खवलं त्यालाही नव्हती. मी तोवर बांगड्यांच्या दुकानाकडे बघत होते, म्हणून कान आणखी पिळलास आणि म्हणालीस, "खवलांवर जाव नको, गाल बघ. गालाला, कल्ल्यावर, झाकण असला तर काटा आला. मोरीच्या गालाला नुसत्या चिरा." लहान पोरांना मोरीच द्यावी, हे मात्र तू रोजच सांगायचीस. माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच, खवलं नाहीत म्हणजे मोरी.

रविवारी रावेतच्या दुकानात कापलेले तुकडे दिसले. डोकं नाही, शेपटी नाही, कातडीवर खवलं नाहीत. मोरीच आहे ना, एवढं विचारायचं होतं. पण मासे खाणाऱ्या घरातली मी, मी काय विचारणार! कालवण केलं आणि तुझ्या नातीला स्वतःच्या हातानं भरवलं. ती चार वर्षांची आहे, तू तिला पाहिलं नाहीस. तिसऱ्या घासाला तिनं गळा धरला. लाळ गळायला लागली, आवाज फुटेना. हे फर्स्ट शिफ्टला गेलेले. रिक्षात तिला उराशी धरून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी ठासून मोरी म्हणाले. तिथल्या मावशी म्हणाल्या, "मोरीला कुठं काटा असतोय, ताई?" मग नाणं गिळलं का, खेळण्यातलं काही गिळलं का, असे प्रश्न सुरू झाले, आणि मला बाहेर बाकावर बसवलं. तिथं माझा हात आपोआप कानाकडे गेला आणि तू बोललीस. गाल बघ. तुकड्यांना डोकंच नव्हतं, मी गाल पाहिलाच नव्हता. शेवटी आत जाऊन सांगितलं, मोरी नसेल, काट्याचा मासा असेल. मग त्यांनी नीट शोधलं आणि काटा निघाला. पोर आता बरी आहे, खेळतेय.

घरी सगळ्यांना सांगितलं की आठवल्याबरोबर धावले. ते खरं नाही. आठवल्यावरही मी बसून राहिले. मासेवालीची लेक आणि हिला मोरी कळत नाही, असं मावशी म्हणतील, याची लाज वाटली. समोरच्या घड्याळाचा मोठा काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर गेला, तेव्हा उठले. हे पत्र कुठे टाकणार? तू असतीस तरी तुला दिलं नसतं.