विंचरलेली पांढरी वाट

प्रिय आर्मेल,

चेरी पिकल्या आहेत. वरच्या फांद्या काळ्या पाखरांच्या आणि खालच्या माझ्या, ही आमची वाटणी दरवर्षी न बोलता होते. यंदा गुडघा कुरकुरतो, म्हणून मधल्या फांद्याही त्यांनीच घेतल्या. फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणतो, तू 'सगळं ठीक' म्हणतेस आणि मग आपण दोघं तुझ्या तुलूझच्या आणि इथल्या उन्हाची तुलना करत बसतो. म्हणून कागद घेतला. आणि चेरींवरून भरकटण्याआधीच लिहून टाकतो: पोरी, आपली पांढरी वाट विकायला निघाली आहे. शाळेपासून दगडी टाक्यावरून आपल्या दाराशी येणारी. शनिवारी तिचा फैसला आहे आणि मला एकट्याला ती वाचवता येत नाही.

घेणारा कोण, तर आपला शेजारी, मेंढ्यावाला रूमेगू. शत्रू असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पण तो अजूनही रविवारी आपल्याकडे सूप प्यायला येतो, तळाशी उरलेल्या सूपमध्ये वाइन ओततो, वाडगा तोंडाला लावतो आणि मिशा पुसत म्हणतो, "अन्सेल्म, त्या वाटेवर आता तू आणि गोगलगायी, दोघंच उरलात. त्यात गोगलगायी तुझ्या पुढे निघून जातात." त्याला दोन्हीकडची कुरणं एक करायची आहेत. मधले दगडी गडगे पाडायचे, खडी उकरायची, तारेचं कुंपण घालायचं. मेंढ्यांची ने-आण सोपी होईल, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. मेअरबाईंनीही समजूत घातली, "मिस्यू अन्सेल्म, नियम साधा आहे. लोक वापरत असतील तर गावाची वाट खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही विकता येत नाही. कोणीच वापरत नसेल तर मात्र ती मेलेली वाट. मेलेल्या वाटेसाठी मी भांडू कशी?"

मेलेली वाट! रात्रंदिवस हाच शब्द कानात घुमतो आहे. शाळेत आम्हाला बाई शनिवारी लाकडी चौथऱ्यावर उभं करून कविता म्हणायला लावत. त्यातल्या एका कवितेतला मुलगा रस्त्याशीच बोलायचा: 'पांढऱ्या वाटे, पांढऱ्या वाटे, घर आलं की मला सांग.' मी ती डोळे मिटून म्हणायचो आणि पोरं हसायची. तुझी आई दुसऱ्या बाकावर होती. तिला शेवटचं कडवं कधीच आठवायचं नाही, मग मी ओठ न हलवता पुटपुटायचो आणि ती बाईंकडे बघून सगळं स्वतःलाच येत असल्यासारखी म्हणून टाकायची. बाकीच्यांनी कविता शाळेतच सोडल्या. मी गावचा रस्तेवाला झालो, फावडं आणि दाताळं खांद्यावर घेऊन हिंडलो, आणि माझी ती कविता रोज माझ्या पायाखालीच राहिली. चुनखडीचा तो पांढरा चुरा पावसाने वाहून गेला की पुन्हा भरायचा, मधोमध उंच ठेवायचा, कडेला उतार द्यायचा, आणि शेवटी दाताळ्याने विंचरायचं. विंचरलेल्या वाटेवर सकाळचं ऊन पडलं की कसं दिसतं, ते तुला सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी तू सायकलवाल्यांसाठी आखलेल्या रस्त्यात ही वाट घेतलीस, तेव्हा मला मंत्री झाल्यासारखं वाटलं होतं. रुंद टायरच्या त्या सायकली, पुढे वळलेली हँडलं, चिखलाने बरबटलेली हसरी तोंडं. डांबर टाळून मुद्दाम खडीवर येणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली! रूमेगू तर कपाळाला हात लावायचा, "यांच्या आजोबांनी घाम गाळून डांबर टाकलं आणि ही कार्टी परत धुळीत निघाली!" मी टाक्याजवळ पाण्याचा घडा आणि अक्रोड ठेवायचो. वळणावरच्या दगडावर तुझी आई बसलेली असायची.

या वसंतात मात्र फारसं कोणी येईना. मला वाटलं, पाऊस असेल. मग एक मुलगी वाट चुकून आली, रुआं शहरातली होती, तिच्या फोनवर तुझा रस्ता होता. तिने दाखवला. आता तो आपल्या टेकडीला वळसा घालून नदीकाठाने जातो. "नदीकाठ फार सुंदर आहे म्हणतात," ती म्हणाली. आहेच. आर्मेल, मी तुला जाब विचारत नाही. सर्व संतांच्या दिवशी तू आजीच्या थडग्यासाठी शेवंतीची कुंडी घेऊन आलीस, आईने दार उघडलं आणि म्हणाली, "मादाम, आज आम्हाला काही नको, पुढच्या आठवड्यात या." तू कुंडी पायरीवर ठेवलीस आणि गाडीत जाऊन बसलीस. मी खिडकीतून पाहत होतो, मला बाहेर यायला जमलं नाही. त्या दारावरून जाणारा रस्ता मीसुद्धा बदलला असता, जर मी त्याच दारामागे राहत नसतो.

आता मूर्खपणा ऐक. मंगळवारी चौकशी अधिकारी वाट बघायला येणार होते. तसे चार-सहा सायकलवाले अजूनही चुकूनमाकून यायचे, आदल्या आठवड्यातही आले होते, त्यांच्या चाकांचे माग टाक्यापर्यंत स्वच्छ उमटले होते. आणि मी काय केलं? साहेब येणार म्हणून सोमवारी दिवसभर कंबर मोडून सगळी वाट विंचरली. एक माग, एक टाच, एक कुत्र्याचं पाऊल म्हणून ठेवलं नाही. रस्तेवाल्याचा हात, पोरी, पाहुणा येणार म्हटलं की दाताळंच उचलतो. सकाळी अधिकारी आले, शहरी बुटांनी कडेकडेने चालले आणि म्हणाले, "किती सुंदर वाट आहे, मिस्यू! जणू कोणी पाऊलच टाकलेलं नाही." मी टोपी काढून त्यांचे आभार मानले. आभार मानले मी, आर्मेल! रूमेगू शेजारी उभा होता, त्यालाही हसू आलं नाही. त्यानेच हळूच म्हटलं, "अन्सेल्म, गाढवा, काय केलंस हे?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडत साहेबांच्या मागे गेलो, 'माग होते, मीच पुसले,' म्हणालो. ते फार सभ्य माणूस आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, वेड्या म्हाताऱ्याच्या ठेवतात तसा.

शनिवारी सकाळी ते गावात लोकांचं म्हणणं ऐकायला बसतील आणि त्याआधी वाट पुन्हा एकदा चालून बघणार आहेत. मी परवापासून माझी जुनी सायकल घेऊन वर-खाली करतो आहे, पण एका म्हाताऱ्याच्या एका सायकलीचे माग म्हणजे काय पुरावा? काल मी वळणावरून तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तुझ्या आईने मान वर केली आणि अगदी अदबीने म्हणाली, "मिस्यू, तुमची साखळी कोरडी पडली आहे, तेल घाला." मी 'हो, मादाम' म्हणालो आणि टाक्यापर्यंत जाऊन मगच उतरलो.

तू म्हणशील, पापा, एका वाटेसाठी एवढा जीव का टाकता, कवितेसाठी? नाही गं. कविता मला पाठ आहे, ती कोण उकरणार? जे मी तुला फोनवर कधी सांगितलं नाही ते आता सांगतो. आई त्या दगडावर का बसते ठाऊक आहे? तू शाळेतून सायकलवर यायचीस त्या वेळेला बसते. रुंद चाकांखाली खडी कुरकुरली की ती उठून उभी राहते, हात उंच करते आणि हाक मारते, "आर्मेल, सावकाश! वळणावर खडी सुटी आहे!" दरवेळी. घरात तुझा फोटो दाखवला तर 'कोण ही बाई' म्हणते, पण त्या आवाजावर तुझं नाव तिच्या तोंडी येतं. एका दाढीवाल्या, अवाढव्य बेल्जियन माणसाला तिने आर्मेल म्हणून थांबवलं, केस विंचरले नाहीस म्हणून रागावली आणि अक्रोडाचा केक खायला लावला. तो बिचारा तोंडभर केक घेऊन "हो, आई" म्हणाला आणि गडग्याआड जाऊन रडला. खडी गेली की तुझं नाव गेलं. माझं तर आधीच गेलं आहे, ते असू दे. तुझ्या सगळ्या सायकलवाल्यांना घेऊन शनिवारी ये, वाट पार उधळून टाका. पण एवढं ऐक, गाडीने दाराशी येऊ नकोस, दाराशी तू पुन्हा मादाम होशील. शाळेपासून सायकलवर चढ, टाक्यावरून ये, सगळ्यांच्या पुढे ये. वळणावर हाक येईल. सावकाश घे, खडी खरंच सुटी आहे. मी दाताळं रूमेगूच्या गोठ्यात कुलूप लावून ठेवायला दिलं आहे.

वळणाच्या अलीकडे, गडग्याला टेकून उभा असलेला,
तुझाच
पापा