मिशा फुटलेली ताई

दहिवली, गुरुवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. ताई माझा फोन उचलत नाही. बरोबरच आहे, तिच्या वास्तुशांतीला येतो म्हणालो आणि भलत्याच डोंगरावर भटकत राहिलो. म्हणून तिनंच दिलेल्या शाईपेनानं माफीचं पत्र लिहायला घेतलं. तर वहीच्या कागदावर शाई फुटते, 'ताई' लिहिलं की अक्षरांना मिशा येतात. गुळगुळीत कागद आणला, त्यावर शाई वाळेना. माझ्या डावऱ्या हातानं ताई पुसूनच टाकली.

स्टेशनरीवाल्या चाचांनी एका जुन्या कागदाचा कोपरा जिभेला लावून बघितला. "चिकटत नाय. म्हंजे शाई पिणार नाय. एकच हाय, जपून वापर रं."

काय कागद होता! एक मिशी नाही. मग तिथंच रेघा ओढल्या, सही केली, दारातल्या चाचांच्या बकरीचं चित्र काढलं. कागद संपला.

"बकरीची माफी मागायची होती का रं?" चाचा म्हणाले.

असा कसा मी? त्या दिवशीही निघालो होतो ताईकडेच.

आता वहीचंच पान फाडतो. मिशा तर मिशा. 'ताई, चुकलो,' एवढंच. उद्या लोधिवलीला स्वतः नेऊन देतो. वाटेत डोंगराकडे बघायचं नाही.