आलेइदाचं रक्त

मेदेयिन, ९ ऑगस्ट २००१

प्रिय आलेइदा,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इथे सगळं ठीक. आईही ठीक, म्हणजे आहे तशीच. काल तिला आंघोळ घातली, वेणी घातली, भरवलं. तर माझा हात धरून म्हणते, "तुम्ही फार मायाळू आहात हो बाई. माझी आलेइदा कधी येणार?" राबायचं मी आणि नाव तुझं. अंगाचा तिळपापड होतो.

तुझं पत्र मिळालं. आर्सेसिओने मागणी घातली, छान. आपल्या अख्ख्या यारुमाल गावात दारूला न शिवणारा एक पुरुष, तोही तुझ्याच वाट्याला! तू लिहितेस, "ताई, तू लॅबमध्ये बसवतेस ती रक्ताची तपासणी तयार झाली असेल तर आधी माझं सांग. आईसारखं होणार असेल तर मी त्याला नाही म्हणेन. मागे घेतलंस ते रक्त पुरेल, की पुन्हा येऊ?"

तपासणी तयार आहे. परदेशात ज्याला महागडं यंत्र लागतं, ते आमच्या जुनाट यंत्रावर आणि मी ॲक्रिलिकचे तुकडे चिकटवून केलेल्या ट्रेमध्ये एका जेवणाच्या खर्चात होतं. रक्तातलं जनुक जेलच्या पातळ थरावर सोडायचं; तिथे एक पट्टी उमटली तर माणूस सुटला. दोन उमटल्या तर आपल्या घराण्याचं विसरण्याचं दुखणं चाळिशीनंतर येणार. येणारच.

इतका उशीर का झाला, ते ऐक. पद्धत बरोबर चालते का हे कळायला दर वेळी तपासायच्या रक्ताच्या बाजूला बिनदोषाचं रक्त लावावं लागतं. ते विकत कुठून आणणार? लॅबमध्ये सगळे करतात तेच मी केलं, स्वतःचं लावलं. मी दिसायला बाबांसारखी, तू हुबेहूब आई. तेव्हा आईचं जे यायचं ते तुझ्याकडे, याची मला खात्री होती. शास्त्र शिकलेली बाई मी! आणि खरं सांगू? एकदा तरी वाईट ते तुझ्या वाट्याला जाणार, याचं मनात कुठेतरी बरंही वाटायचं.

पण दर वेळी दोन पट्ट्या. पाणी बदललं, रसायनं फेकली. आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर ओस्पिना म्हणाल्या, "रुबिएला, भांडी नीट धुतेस ना गं?" मग आईच्या वाढदिवसाला तू मक्याच्या भाकऱ्या, अरेपा घेऊन आलीस. मी म्हटलं, "दंड पुढे कर, सरावाला रक्त हवंय." तू हसत दिलंस.

एकच पट्टी आली. पुन्हा लावलं, तरी एकच. पद्धत पहिल्या दिवसापासून बरोबर होती, दोष माझ्यात होता. पद्धत जमली म्हणून डॉक्टरांनी मला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आलेइदा, मला तुझा हेवा वाटतो. आईसारख्या तुझ्या चेहऱ्याचा, तुझ्या आर्सेसिओचा, तुझ्या त्या एका पट्टीचा. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तू वाट बघून कंटाळावंस आणि त्याला नाही म्हणावंस, म्हणून मी गप्प बसले होते.

यायची गरज नाही. तू सुटलीस. त्याला हो म्हण, मुलं होऊ दे.

माझी समजूत घालायला मात्र इतक्यात येऊ नकोस, मला ते सोसणार नाही. नाताळनंतर ये आणि आईला घेऊन जा. पुढे कधीतरी मलाही न्यावं लागेल. मी तुझ्यावर किती जळले, ते तेव्हा मला आठवणार नाही. तूही आठवण करून देऊ नकोस.

आज तरी जळणारी,
तुझी ताई
रुबिएला