शिडीवरून ते काय बोलले

विसरभोळ्या भाऊजींना,

थोरल्या वहिनीचा आशीर्वाद. (थोरली म्हणजे तुमच्या दादांची बायको. सांगून ठेवलेलं बरं. मागच्या पत्रात तुम्ही मलाच विचारलं होतंत, वहिनी कशी आहे म्हणून.) तुमचा गुडघा काय म्हणतो? डावा दुखतो की उजवा, एवढं तरी लक्षात आहे ना? मी ठणठणीत आहे. फक्त तीन दिवस झाले, बूड टेकवत नाही. दूध दोनदा उतू गेलं, चहात मीठ पडलं, आणि लिहायला बसलेली नात म्हणते, आजी, येरझारा थांबव, नाहीतर तूच लिही. (अक्षरशत्रू आजीला असं बोलतात का?)

कारण ऐका. तुम्ही दोघे भाऊ बंबखान्यात नोकरीला होतात तेव्हा आगीचा तो मुका सिनेमा काढला होता बघा, नट कमी पडले म्हणून खऱ्या बंबवाल्यांनाच शिडीवर चढवलं होतं, तो परवा बंबखान्याच्या मोठ्या खोलीत दाखवला. तेव्हा मी बाळंतीण, म्हणून बघायचा राहून गेलेला. (नटी गच्चीवर हात पसरून इतका वेळ उभी, की तेवढ्यात मी कपडे वाळत घालून खाली उतरले असते.) पुढच्या रांगांत सगळे पेन्शनीतले बंबवाले. मुक्या सिनेमाला आवाज द्यायला पडद्याशेजारी एक वाजवणारा बसवलेला, त्याने बंबखान्याची जुनी पितळी घंटा आणलेली. पडद्यावर आग लागली, त्याने घंटा बडवली, आणि झालं! सगळे म्हातारे उठून धावत बाहेर. एकाची काठी राहिली, एकाची कवळी. अंगणात रांग धरून हुकमाची वाट बघत उभे! नवे साहेब सांगून थकले की आग सिनेमातली आहे.

आणि नेमके तेव्हाच हे दिसले. शिडीवर, काळीभोर मिशी. खाली पाण्याचा पाइप धरून तुम्ही. यांनी मान वळवून तुम्हाला काहीतरी सांगितलं, आणि तुम्ही असे खदखदून हसलात की धार थेट नायकाच्या टोपीवर! मग अक्षरांची पाटी आली. नातीने वाचली, ‘धीर धरा, ताई, आम्ही आलो आहोत!’ मला पाटी वाचता येत नाही, पण ते तोंड मी एकोणचाळीस वर्षं वाचलंय. ते धीर धरा म्हणत नव्हते. तो तुकडा मी तीनदा दाखवायला लावला. पुढे मशीनवाल्याने हात जोडले.

बाकी सगळं ठीक.

वहिनी

ता. क. काय बोलले हो ते? शिडीखाली तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. सिनेमा काढला त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं आणि मी डबा दिला नव्हता. त्यावर हे जन्मभर एक अक्षर बोलले नाहीत. आता विचारायला ते नाहीत.

आणखी एक. रचून लिहू नका, मला कळतं. वाईट असलं तरी लिहा. नात हळू वाचेल.

शेवटचं. सुकी अंजिरं पाठवा, मऊ बघून. दात दोनच उरलेत. चांगलं बोलले असतील तर एक डबा पुरे. वाईट असेल तर दोन पाठवा. आणि आठवतच नसेल, तर अंजिरं घेऊन स्वतःच या. मशीनवाल्यालाही थोडी जास्त आणा, म्हणजे चौथ्यांदा दाखवील.