सुनेची एकवीस रूपं

२ डिसेंबर
आजपासून रोज चार तास पेपर. विषय: आदि-स्लाव्ह भाषेतला ‘स्नुखा’, म्हणजे सून. रशियन, पोलिश यांची ही मूळ भाषा कुणी लिहूनच ठेवली नाही. शब्द विद्वानांनी अंदाजाने उभे केलेत. आपला संस्कृत ‘स्नुषा’ त्याचा सख्खा भाऊ. हे रिटायर्ड संस्कृत मास्तराशिवाय कोण सांगणार? वीस तारखेला ऑनलाइन सेमिनार.

आमची सून रुचिका पाच दिवसांपासून काटोलला माहेरी. कारण किरकोळ. तिने विचारलं, लिहिलाच नाही तर शब्द समजला कसा? मी तिच्या भावासमोर म्हणालो, तुले काय समजते यातलं. येईल आपली आपण.

४ डिसेंबर
जितेंद्र म्हणतो, बाबा, तुम्ही बोलले, तुम्हीच जा तिले आणाले. सासऱ्याने जायची रीत आहे, मान्य. पण संबोधन धरून सात विभक्त्या, तीन वचनं, एकवीस रूपं. नऊ झाली. रविवारी नक्की.

७ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. द्विवचन अडलं. सकाळी पोहे, संध्याकाळी तेच पोहे. अभ्यासाला हलका आहार बरा. थकवा मात्र आहे.

१० डिसेंबर
बहिणीचा, यमुताईचा फोन. काहून गा आनंदा, पोरीले आणाले जाऊन नाही राहिला? म्हटलं, संबोधन बाकी आहे. तर म्हणे, मंग फोन लावून हाक मार ना तिले! यमुताईला शास्त्रीय दृष्टी नाही.

१४ डिसेंबर, रविवार
काटोल. पेपरची प्रिंट सोबत नेली. एकदा विषय कळला की राग जाईल, असा हिशेब. व्याह्यांनी संत्री दिली. मी व्युत्पत्तीपासून वाचलं. चौथ्या पानावर व्याही झोपले. रुचिकाने सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, मामाजी, तुम्ही मले न्याले आले का हे वाचाले?

चुकलं माझं, चल घरी. बसमध्ये तीनदा घोकलं होतं. तोंडातून निघालं, अजून पाचवं पान आहे. स्वतःचीच लाज वाटली. एकटाच परतलो.

१८ डिसेंबर
जितेंद्रने मानेवाड्याला दोन खोल्या घेतल्या. रुचिका तिकडेच येणार. तुमच्या अभ्यासात आमची कटकट नको, म्हणाला. समजूतदार पोरगा. सामान नेताना माझ्याकडे पाहिलं नाही, घाईत असेल.

२० डिसेंबर, दुपारी १
सेमिनार झाला. एकवीसच्या एकवीस रूपं न पाहता म्हटली. अध्यक्ष वाहवा म्हणाले. लॅपटॉप बंद केला आणि रुचिकाला सांगावं म्हणून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. मग आठवलं.